टायगर स्थिर होईपर्यंत

मला लहानपणापासून एका जागी बसता यायचं नाही. शाळेत बाकाखाली पाय हलवायची म्हणून शेजारणी तक्रार करायच्या. घरी अभ्यासाला बसले की दर थोड्या वेळानं पाणी प्यायला उठायची आणि पाणी न पिताच परत यायची. नववीत असताना क्लासच्या सरांनी आईला बोलावून सांगितलं, की मुलगी हुशार आहे, पण खुर्चीत टिकत नाही. आईनं घरी येऊन ते बाबांना जसंच्या तसं ऐकवलं. बाबा हसले, कारण तेही तसेच होते. चाकणच्या एका कारखान्यात ते मशीनच्या देखभालीचं काम करायचे आणि शिफ्ट संपवून घरी आले, की बूट काढायच्या आधी घरातला एखादा गळका नळ पिरगाळून बघायचे.

आम्ही मूळचे बुलढाण्याकडचे. बाबांची भाषा कंपनीत राहून पुण्याची झाली होती, आईची झाली नव्हती, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. विश्रांतवाडीत एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायचो. खाली घरमालक आणि त्यांच्या पत्नी. घरमालक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, सगळं आयुष्य पेठेत काढून म्हातारपणी इकडे आलेले. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी त्यांनी पाटी लावली होती : ‘वर राहणाऱ्यांनी खालीही कोणी राहते हे ध्यानात ठेवावे.’

माशांचं वेड मला मंडईत लागलं. आईबरोबर खरेदीला गेले होते. आई एका दुकानात वातींचा कापूस बघत होती आणि मी नेहमीप्रमाणे बाहेर भटकत होते. शेजारच्या बोळात माशांचं एक छोटं दुकान होतं. पुढच्या टाक्यांत गोल्डफिश वगैरे होते, ते मला कधी आवडले नाहीत. मागे अंधारात एका टाकीत काहीच नव्हतं, फक्त एक लाकूड होतं. मी वळणार, तेवढ्यात त्या लाकडाचा एक तुकडा सुटला, त्याला तोंड फुटलं आणि समोरून जाणारा बोटाएवढा मासा नाहीसा झाला. पाणी हललंही नाही. लाकडाचा तुकडा परत लाकडाला जाऊन चिकटला. मी तिथं किती वेळ उभी राहिले मला सांगता येणार नाही, पण आई शोधत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मी एका जागी उभी असेन असं तिला वाटलंच नव्हतं, ती मला सगळीकडे शोधून आली होती.

दहावीपर्यंत मी शिकारी माशांबद्दल मिळेल ते वाचत राहिले. मग अशा माशांच्या हौशी लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप सापडला. त्यात पुण्यातले, पिंपरीतले, साताऱ्याचे लोक होते, आणि सगळे पुरुष. मी नाव टाकलं नव्हतं, फोटोच्या जागी मासा होता. सगळे मला ‘भाऊ’ म्हणायचे. मी दुरुस्त केलं नाही. भाऊ म्हणून माझ्या प्रश्नांना नीट उत्तरं मिळत होती.

दहावीची परीक्षा झाल्यावर त्या ग्रुपवर एकानं लिहिलं, की तो जर्मनीला चाललाय आणि त्याच्याकडचा ‘टायगर’ त्याला चांगल्या घरी द्यायचाय. विकायचा नाही, द्यायचा. हा टायगर म्हणजे पूर्वेकडच्या देशांतल्या नद्यांमधला मासा, चपटा आणि उंच अंगाचा, सोनेरी कातडीवर काळे उभे पट्टे. तिकडच्या नद्यांमध्येही तो आता कमी झालाय. आपल्याकडे तर क्वचितच दिसतो. मी लगेच लिहिलं, मी सांभाळेन. त्यानं पत्ता पाठवला. येरवड्यात, जेलच्या मागच्या अंगाला एका नव्या इमारतीत.

बाबा मला स्कूटरवर घेऊन गेले. दार उघडणारा माणूस तिशीतला, आयटीतला, घरात सगळीकडे खोकी बांधलेली. त्यानं बाबांशी हात मिळवला आणि विचारलं, तो ग्रुपवरचा भाऊ म्हणजे तुम्हीच का? बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग परत बाबांकडे, आणि त्याचा चेहरा पडला.

त्यानं आम्हाला बसवलं, चहा दिला आणि सभ्यपणे सांगितलं, की मासा मिळणार नाही. कॉलेजची मुलं असे मासे हौसेनं नेतात, सहा महिन्यांत मारतात, त्यानं असं बरंच पाहिलंय. मला राग आला. मी उठून टाकीपाशी गेले. आत तो होता. तळहाताएवढा. पट्टे दिसतच नव्हते, सगळा मासा कोळशासारखा काळा झाला होता आणि कोपऱ्यात तोंड खाली करून लटकला होता. तुम्ही खोकी बांधायला लागल्यापासून हा असा काळा आहे ना, मी विचारलं. मी म्हटलं, याला माणसांची ये-जा चालत नाही, भीती वाटली की रंग जातो, आणि तुम्ही टाकी दारासमोर ठेवलीय.

“दारासमोर ठेवायची चूक माझी,” तो म्हणाला. “पण तुझ्याकडे तरी शांत जागा आहे का?”

“आहे,” मी सांगितलं.

बाबा चहाच्या कपात बघत राहिले. आमच्या घरात दोन खोल्या होत्या, हॉलमध्ये टीव्ही होता, मी होते आणि बाबा होते. शांत जागा कुठली ती त्यांना माहीत होती तेवढीच मलाही. पण त्यांनी मला उघडं पाडलं नाही. त्या माणसानं शेवटी होकार दिला. टाकी, स्टँड, फिल्टर सगळंच दिलं. निघताना त्यानं मला समजावलं, की याला हौशी लोक ‘स्टेबल होणं’ म्हणतात. मासा जागेला रुळला, की सोनेरी होतो आणि तसाच राहतो. तोपर्यंत वाट बघायची. महिना लागेल, वर्ष लागेल. कधी कधी होतच नाही.

मासा पिशवीत घालून मी स्कूटरवर मागे बसले. टाकी दुसऱ्या दिवशी टेम्पोतून आली, तोपर्यंत तो आमच्या कणीक मळायच्या मोठ्या परातीएवढ्या टबात होता. आईनं टबात डोकावून बघितलं. तिच्या गळ्यात तुळशीची माळ, आमच्या घरात अंडंही येत नसे. तिनं एवढंच विचारलं, की हा खातो काय? मी म्हटलं, आई, मासे. ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.

टाकी हॉलमध्ये ठेवली, कारण दुसरीकडे मावत नव्हती. मासा काळा तो काळाच. कोणी झपकन उठलं, पडदा ओढला, कुकरची शिट्टी झाली, की तो काचेवर आदळायचा. त्याच्या ओठाला जखम झाली. मी घरात नियम काढायला लागले. हॉलमधून जाताना हळू चालायचं. दिवा एकदम लावायचा नाही. टीव्हीचा आवाज इतकाच. बाबांनी हे सगळं मान्य केलं आणि विसरून गेले. आईनं काही दिवस ऐकलं. मग एका दुपारी कपड्यांची बादली घेऊन ती पंजावर चालत गॅलरीत निघाली होती, मधेच थांबली आणि म्हणाली, “आपण या माशाच्या घरी भाड्यानं राहून राहिलो का?”

त्यात तो खातही नव्हता. मी गॅलरीत बादलीत गप्पी मासे वाढवले होते, त्यांतले काही त्याच्या टाकीत सोडले. त्यानं पाहिलंही नाही. ते गप्पी पहिले काही दिवस लांब राहिले, मग त्याच्या अंगाशी येऊन खेळायला लागले. एवढा मोठा शिकारी आणि त्याच्या पोटाखाली त्याचं जेवण निवांत फिरतंय. आईला ते आवडलं. ती येता-जाता गप्पींकडे बघायची. मी मात्र झोपेतून उठले की आधी ते मोजायची आणि सगळे जिवंत आहेत म्हटल्यावर माझा जीव खाली-वर व्हायचा. ग्रुपवर विचारलं. जर्मनीहून त्या माणसानं लिहिलं, की थांब. मला थांबताच येत नव्हतं. मी पाणी बदलायची, लाकूड हलवायची, फिल्टर धुवायची, दर चार दिवसांनी काहीतरी नवीन करायची आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा काचेवर आदळायचा. आता कळतं, की त्याला माझ्याच येरझाऱ्यांचा त्रास जास्त होत असणार.

अकरावीचं कॉलेज सुरू झालं आणि त्याच सुमारास बाबांच्या कंपनीनं माणसं कमी केली. बाबांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मी टाकीसमोर होते. त्यांनी ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मला वाटलं शिफ्ट बदललीय. आईला कळलं. तिनं गॅस बंद केला आणि बाहेर येऊन उभी राहिली. दुसरं मिळेल, बाबा म्हणाले. ती म्हणाली, मिळेल ना.

पण बाबा घरी राहायला लागले आणि घर लहान झालं. पहिले काही दिवस त्यांनी सगळे नळ, सगळी बटणं, सगळ्या कड्या दुरुस्त केल्या. घरमालकांचं फाटकही दुरुस्त केलं. मग दुरुस्त करायला काही उरलं नाही. फोन करायचे, कोणाकोणाला भेटायला जायचे, परत यायचे. आणि मग चालायचे. हॉलच्या दारापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीपासून दारापर्यंत, हात मागे बांधून. मी कॉलेजातून आले तरी चालू असायचं. टाकीत तो काळा मासा प्रत्येक फेरीला कोपरा बदलायचा, बाबा दाराकडे गेले की इकडे, गॅलरीकडे गेले की तिकडे. बाबांना ते दिसत नव्हतं. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

एका संध्याकाळी त्याच्या ओठाची जुनी जखम पुन्हा उघडलेली दिसली. मी पुस्तक आपटलं.

“बाबा, तुम्ही जरा बसा ना.”

ते जिथं होते तिथं थांबले. माझ्याकडे बघितलं नाही. कंपनीत विसरलेली त्यांची भाषा तेवढ्यापुरती परत आली.

“बसूनच तं हाये,” ते म्हणाले.

मग त्यांनी चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. आईनं स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. ती मला रागावली नाही. तिनं भाकरी थापायला घेतली आणि तीही अर्ध्यात सोडून गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघत उभी राहिली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आळंदी रस्त्यावरून बसेस जात होत्या, प्रत्येक बस थांबली की आम्ही दोघी उतरणारी माणसं बघत होतो.

ते जेवायच्या वेळेला आले. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं होतं. त्यांनी ते गॅलरीतल्या कट्ट्यावर ठेवलं, घरात आणलं नाही. पुडक्यात कोळंबी होती, बारीक. ते बाजारात हिंडत हिंडत मासळीवाल्या बायकांपर्यंत गेले होते, आयुष्यात पहिल्यांदा. काय मागायचं ते माहीत नव्हतं, म्हणून सरळ सांगितलं, की माशाला खायला पाहिजे. तिथल्या बाईंनी विचारलं, तळलेल्या माशाला का जित्या? हे सांगताना बाबा थोडे हसले. मग त्यांनी आईकडे बघितलं. आईनं जुना एक डबा शोधून काढला, त्याला झाकण घट्ट बसतं का ते पाहिलं आणि गॅलरीतल्या कट्ट्याकडे सरकवला. डबा फ्रिजमध्ये ठेवायला तिनं परवानगी दिली, पण देवाच्या दुधाच्या वरच्या कप्प्यात नको, खाली ठेवा म्हणाली.

माशानं कोळंबीही खाल्ली नाही. मेलेली वस्तू त्याला अन्न वाटतच नव्हती. तळाशी पडून कुजायची, मी नळीनं ओढून काढायची.

आणि अशात टाकी गळली. दुपारची वेळ होती, मी कॉलेजला सुट्टी म्हणून घरी होते. आई शेजारी गेलेली. हॉलच्या फरशीवर पाणी दिसलं, आधी वाटलं कोणी सांडलं असेल. मग दिसलं, की टाकीच्या खालच्या शिवणीतून पाण्याची बारीक धार स्टँडवरून उतरतेय आणि दाराखालून जिन्यात चाललीय. खालून घरमालकांचा आवाज आला. ते जिन्यात उभे होते, वामकुक्षीतून उठलेले, धोतराचा सोगा हातात धरून.

“आपल्या माशाला सांगा,” ते दारात आलेल्या बाबांना म्हणाले, “खाली माणसं राहतात.”

बाबांनी हात जोडले आणि आत धावले. त्यानंतर मी बाबांना जसं पाहिलं तसं कंपनीतल्या लोकांनीच पाहिलं असेल. त्यांनी एकही पाऊल फुकट टाकलं नाही. मला न्हाणीघरात निळं पिंप उभं करायला लावलं, टाकीतलंच पाणी बादल्यांनी त्यात ओतायला लावलं, विजेचं मेन बंद केलं, जुने टॉवेल शिवणीला दाबले. शेवटी मासा. मी जाळं घेऊन गेले, तो पिसाळला. बाबांनी जाळं बाजूला ठेवलं, भांड्यांतलं एक मोठं पातेलं घेतलं, हळूहळू टाकीत बुडवलं आणि वाट बघत राहिले. ते नुसते वाकून उभे, हात पाण्यात कोपरापर्यंत. मासा लटकत लटकत सावली समजून पातेल्यात शिरला. बाबांनी ते उचललं आणि न्हाणीघरात नेऊन पिंपात कलतं केलं. आई आली तेव्हा घरभर पाणी होतं, तिचं दूध तापवायचं पातेलं न्हाणीघरात होतं आणि आम्ही दोघं फरशीवर बसून धापा टाकत होतो. ते पातेलं तिनं परत स्वयंपाकात घेतलं नाही.

टाकीची शिवण खरवडून नवीन सिलिकॉन भरायचं, ते वाळवायचं, पाणी भरून तपासायचं. या सगळ्यात बरेच दिवस जाणार होते. तोवर मासा न्हाणीघरात. आम्ही आंघोळी करायचो ते पिंपाशेजारीच, साबणाचं पाणी उडू नये म्हणून वर पाट झाकून. पहिल्या सकाळी आई टॉवेल घेऊन दारातच अडली.

“तो पुरुष आहे का बाई, ते तरी विचारून घे कोणाले,” तिनं मला सांगितलं.

मी सांगितलं, की या जातीत बाहेरून ओळखता येत नाही. त्यावर तिनं पिंपावरचा पाट नीट बसलाय का ते बघितलं आणि मग आत गेली.

बाबा दुपारी न्हाणीघराच्या उंबऱ्यात स्टूल टाकून बसायला लागले. आधी म्हणाले, पिंपात हवेची नळी नीट आहे का बघतोय. मग कोळंबी आणून बसले. सोललेल्या कोळंबीच्या पाठीतून त्यांनी आईचा शिवणाचा पांढरा दोरा ओवला आणि ती पाण्यात सोडून बोटानं अगदी थोडी थोडी हलवत राहिले, जशी ती स्वतः पोहतेय. मी मागून वाकून बघायला गेले तर त्यांनी न वळता हात वर केला. थांब. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मग तिथून निघून गेले, कारण मला ते बघवत नव्हतं. परत आले तेव्हाही ते तसेच. रोज असंच. आमच्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी एका जागी बसलं होतं, आणि ते बाबा असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. आईनं त्यांचा चहा तिथंच नेऊन द्यायला सुरुवात केली. नोकरीचं कोणी विचारलं, की ती सांगायची, ते कामात आहेत.

त्या दिवशी मी आतल्या खोलीत रसायनशास्त्र घेऊन बसले होते आणि माझं लक्ष नव्हतं. न्हाणीघरातून ‘टप्’ असा आवाज आला, पाण्याच्या पृष्ठभागावर कोणी टिचकी मारावी तसा. मग काहीच नाही. मी धावत गेले. बाबा स्टुलावर तसेच बसले होते आणि त्यांच्या बोटात नुसता दोरा होता. त्यांनी तो मला दाखवला. त्यांचे डोळे भरले होते. डब्याकडे हात करून त्यांनी पुढची कोळंबी मागितली. मी सोलली. तीही गेली. स्वयंपाकघराच्या दारातून आई बघत होती. जीवहत्या नाही म्हणणारी माझी आई त्या दुपारी देवापाशी दिवा लावून आली.

टाकी दुरुस्त झाली तेव्हा बाबांनी ती हॉलमध्ये ठेवायला नकार दिला. आतल्या खोलीतलं कपाट त्यांनी हॉलमध्ये ओढलं आणि टाकी आत, कोपऱ्यात लावली. तीन बाजूंना काळा कागद चिकटवला. पिंपात त्याला कोणी दिसत नव्हतं, म्हणून तो खायला लागला, एवढं साधं होतं. मी इतकं वाचूनही मला ते सुचलं नव्हतं, कारण मला तो सतत दिसायला हवा होता. गप्पी मासे आम्ही बादलीतच ठेवले. ते पुढे इतके झाले, की आई येईल त्याला बाटलीत भरून द्यायची.

घरमालकांशीही मिटलं. टाकीतलं काढलेलं पाणी बाबा त्यांच्या जास्वंदीला घालायला लागले आणि ती अशी फुलली, की घरमालकांच्या पत्नी गल्लीत सगळ्यांना फुलं वाटू लागल्या. एकदा मला पाणी बदलायला उशीर झाला तर घरमालक जिन्यात येऊन म्हणाले, “आज खाली काही येणार आहे का, का आम्ही पाटी लावू?”

बाबांना पुढच्या उन्हाळ्याआधी काम मिळालं. येरवड्याच्या पुढे एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत, देखभालीचंच, पण पगार आधीपेक्षा कमी आणि पुन्हा शिफ्ट. ते त्याबद्दल फार खूश नव्हते. त्यांची चाल परत आली, उठबस परत आली. पण घरी आले की ते आधी आतल्या खोलीत जायचे, स्टूल ओढायचे. दोऱ्याची गरज आता नव्हती, मासा हातातून घ्यायचा. माझ्या हातातून तो घेत नसे. माझा हात थरथरतो, असं बाबा म्हणायचे.

तो सोनेरी कधी झाला ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. बारावीच्या परीक्षेत मी खोलीत त्याच्याकडे पाठ करून अभ्यास करायची, म्हणजे प्रयत्न करायची. शेवटचा पेपर देऊन आले, पलंगावर आडवी झाले आणि सहज बघितलं. पट्टे काळेभोर, मधली कातडी पिकलेल्या केळ्याच्या सालीसारखी, आणि तो खोलीच्या मधोमध असावा तसा टाकीच्या मधोमध निवांत तरंगत होता. मी आईला हाक मारली. ती म्हणाली, अगं तो तर कधीचा असाच आहे. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, मला वाटलं तुला माहितीय. मी जर्मनीला फोटो पाठवला. त्या माणसानं लगेच फोन केला. पलीकडे बर्फ होतं, तो कामाला निघाला होता. कितीतरी वेळ तो नुसता फोटोबद्दल बोलत राहिला. मग त्यानं विचारलं, की पुण्यात आता ऊन असेल ना.

मी शिकायला नागपूरला गेले. तिथून फोन केला, की आई पोटभर बोलायची आणि शेवटी सांगायची, की त्यानं आज काय केलं. बाबांची शिफ्ट असली की तीच त्याला खायला घालायची. कोळंबीला हात लावायचा नाही म्हणून तिनं लांब चिमटा आणला होता, आणि खायला घालून झालं की आंघोळ करायची. हिवाळ्यातही. मी म्हटलं, आई, गरज नाही त्याची. गरजेचं तू नको सांगू मला, ती म्हणाली.

शेवटच्या वर्षी परीक्षा संपवून घरी आले. सामान ठेवायला आतल्या खोलीत गेले, तर टाकीतला दिवा बंद होता आणि पाणी अर्ध्यावर होतं. त्यानं आधी खाणं सोडलं, मग अंग फुगलं. बाबांनी ग्रुपवरच्या दोघांना घरी बोलावून दाखवलं, औषध घातलं, रजा काढली. उपयोग झाला नाही. परीक्षा चालू होती म्हणून मला सांगितलं नव्हतं. घरमालकांनी स्वतःहून जास्वंदीखाली त्याला पुरायला जागा दिली होती. मला राग येत होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. मी बाबांना म्हटलं, निदान आजारी आहे एवढं तरी सांगायचं.

“सांगितलं असतं तर तू बसली असतीस का पेपरला?” त्यांनी विचारलं.

नसतेच बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही टाकी रिकामी केली. ग्रुपवरचा पिंपरीचा एकजण ती न्यायला येणार होता. टाकी जिन्यातून उतरवताना घरमालक बाहेर आले आणि त्यांनी एक कोपरा धरला. त्यांचं वय बघून बाबा नको म्हणाले, पण ते सोडेनात. टेम्पो गेला. आम्ही वर आलो. आई खोली झाडत होती. टाकीच्या जागी फरशी जरा वेगळ्या रंगाची राहिली होती, तिनं तिथं कपाट परत आणायचं ठरवलं होतं, पण आज नको म्हणाली.

जेवणं झाली. बाबा हॉलमध्ये बसले, उठले, गॅलरीत गेले, परत आले. मी आतून बाहेर, बाहेरून आत. एकदा आम्ही दारातच एकमेकांसमोर आलो. बाबांनी चपलांकडे बघितलं आणि विचारलं, येतेस का. आम्ही जिना उतरलो आणि आळंदी रस्त्याला लागलो. ऊन उतरत होतं, रिक्षावाले थांबून विचारत होते, बाबा मान हलवून नको म्हणत होते. कुठं जायचं हे त्यांनी सांगितलं नाही. मी माझ्या नागपूरच्या नोकरीच्या मुलाखतीचं सांगत होते, ते त्यांच्या इमारतीतल्या लिफ्टचं सांगत होते. दिघी मागे पडली तरी आमच्यापैकी कोणी परत फिरायचं नाव काढलं नाही.